तीस हजार दुकानांची पाटी

माझा नवरा जगातल्या तीस हजार दुकानांना ती उघडी आहेत की बंद ते सांगतो. फुशारकी नाही, खरंच सांगतो. दुकानांच्या वेबसाइटवर कोपऱ्यात एक छोटी पाटी असते. हिरवी असली तर ‘आत्ता उघडं आहे’, लाल असली तर ‘आत्ता बंद आहे’. ही पाटी वेबसाइटला जोडून देणारं प्लगइन त्याने नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी गंमत म्हणून लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. आमच्या घरातली गंमत त्या रविवारी संपली.

पोटापाण्यासाठी तो खोकी बनवणाऱ्या कारखान्यात संगणक सांभाळतो. साडेपाचला सुटतो, सहाला घरी येतो आणि सव्वासहाला लॅपटॉप उघडून बसतो, कारण तीस हजार दुकानदारांना काही ना काही विचारायचं असतं. एकेक नमुना असतो. एका न्हाव्याला पाटी हिरवी नको, पोपटी हवी. जनावरांच्या एका डॉक्टरला मांजरांची वेळ वेगळी आणि कुत्र्यांची वेगळी दाखवायची आहे, कारण दोघं एकत्र आले की दवाखान्यातली बाकं उलटतात. अंत्यसंस्काराचं सामान विकणाऱ्या एकाची तक्रार होती, की दुकान बंद झाल्यावर पाटीखाली आपोआप ‘लवकरच भेटू!’ असं येतं आणि गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. या सगळ्यांना माझा नवरा ज्या लाघवी भाषेत उत्तरं देतो, ती भाषा मी लग्नाआधी फिरायला जायचो तेव्हाही ऐकली नव्हती. ‘तुमच्या संयमाबद्दल मनापासून आभार’ असं तो न्हाव्याला लिहितो. माझ्या संयमाला एकवीस वर्षं झाली, त्याचं कुणी नाव काढत नाही.

आमच्या वाट्याला येईपर्यंत त्याच्याकडे एकच अक्षर शिल्लक राहिलेलं असतं: हं. गॅस संपला, हं. नळ गळतोय, हं. तुझ्या आईचा फोन येऊन गेला, हं. ‘मी घर सोडून चालले’ यालाही मी एकदा हं मिळवून दाखवला आहे.

आमची एकुलती एक लेक टिटवी. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मल्या जन्मल्या तिने जो आवाज लावला तो ऐकून बापानेच हे नाव ठेवलं. तेव्हा त्याला कानाने ऐकू येत असे. पुढे त्या पोरीने बापाशी बोलायचा नाद सोडला आणि त्याला ईमेल करू लागली. एकाच घरात, मधे एक भिंत. सहलीला जायची परवानगीसुद्धा तिने ईमेलने मागितली आणि बापाने ‘आपल्या पत्राबद्दल आभार’ असं लिहून ती दिली. टिटवी ते वाचून पोट धरून हसली. मला मात्र रडू आलं, आणि ते मी कांद्यावर ढकललं.

यंदा टिटवीला अठरावं लागलं आणि दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास, पाच वर्षांचं शिक्षण. जायला दहा आठवडे उरले होते. पाच वर्षांनी ती येईल ती पाहुणी म्हणून, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीही माझ्या आईकडे तशीच जाते. माझं मागणं फार मोठं नव्हतं. जाण्याआधी बापलेकीने चार संध्याकाळी एकत्र बसावं, एकमेकांची तोंडं नीट बघून घ्यावीत. नाहीतर ती पोर आयुष्यभर सांगेल, की माझे बाबा म्हणजे आमच्या घरात राहणारे एक सज्जन गृहस्थ होते.

“अरे, पोर चालली,” मी त्याला म्हटलं.

“हं. आठ तारखेला ना?”

“अठ्ठावीस.”

“हं.”

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. या कामाला डोळ्यांचं ज्ञान लागतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे चिवटपणा लागतो. समोरच्याला वीस मिनिटं ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ असं विचारत राहायचं, आणि त्याने ‘दोन्ही सारखंच’ म्हटलं तरी त्याच्या डोक्यात भिंग घालायचं नाही. आमच्या दुकानाच्या वेबसाइटवरही नवऱ्याचीच पाटी आहे. त्या महिन्यात ती एका मंगळवारी लाल झाली आणि लालच राहिली. दुकान उघडं, पाटी म्हणते बंद. मालक मला म्हणाले, “ताई, हे तुमच्या मिस्टरांचंच आहे ना? मग सांगा की घरी.”

घरी सांगितलं. हं, बघतो. तीन दिवस सांगितलं, तीन हं मिळाले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझं डोकं फिरलं. प्लगइनच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर मी ‘डोळस’ नावाने खातं उघडलं आणि इतर तीस हजारांसारखी तक्रार नोंदवली.

अकरा मिनिटांत उत्तर. “नमस्कार डोळसजी, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. आपल्या वेबसाइटचा पत्ता कळवाल का? मी स्वतः बघतो.”

मी पत्ता कळवला. त्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर माझा फोटो आहे. पांढरा कोट, हातात भिंगांची पेटी, आणि चेहरा परातीएवढा मोठा. पाटी बरोबर माझ्या डाव्या खांद्यावर असते. नवऱ्याने ते पान अर्धा तास तपासलं, दोष शोधला, दुरुस्त केला, आणि वर एक सल्ला दिला: “पाटी फोटोतल्या बाईंच्या खांद्यावर चढते आहे. बाईंना थोडं बाजूला सरकवता आलं तर बघा.”

अंगाचा तिळपापड झाला. मग हसू आलं. आणि हसता हसता मला ती कल्पना सुचली. रागाच्या भरात सुचलेल्या कल्पना मला नेहमी महागात पडतात, तरी मी सुधारत नाही. त्या पानावर प्रश्नांची उत्तरं कुणीही देऊ शकतं. मग लोकांची उत्तरं मीच दिली तर? प्रश्न संपले की नवरा उठेल, नवरा उठला की टिटवी दिसेल.

काम अवघड नव्हतं. मला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दुकानदारांनाही कळत नव्हतं. त्यांना काय दिसतंय ते त्यांच्याकडून काढून घेणं एवढीच खरी कला होती, आणि मी जन्मभर तेच करत आले होते. पाटी पूर्ण लाल की कडेने लाल? पान पुन्हा उघडल्यावर स्पष्ट की आधी स्पष्ट? दहातल्या आठ जणांनी दुकानाच्या वेळाच चुकीच्या भरलेल्या निघायच्या. एक बेकरीवाला तर सकाळी सातच्या जागी संध्याकाळचे सात घालून आठवडाभर प्लगइनला शिव्या देत होता. त्याला मी समजावलं आणि त्याच्या संयमाबद्दल आभार मानले. ते लिहिताना बोटं जड झाली. नंतर सवय झाली.

महिन्याभरात डोळसचा बोलबाला झाला. एकदा जेवताना नवरा आपण होऊन बोलला, तेव्हा टिटवीचा घास हातातच राहिला.

“डोळस म्हणून एक माणूस आलाय आमच्याकडे. काय माणूस आहे! कधी चिडत नाही, कधी आवाज चढवत नाही.”

“कागदावर आवाज कसा चढणार, बाबा?” टिटवी म्हणाली. “आणि माणूसच कशावरून? बाई असेल.”

“छे. एवढा शांतपणा बाईत असतो का?” असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून मीठ मागितलं.

मी मीठ दिलं. डब्यासकट त्याच्या डोक्यावर ओतायचं होतं, पण डोळसच्या प्रतिमेला ते शोभलं नसतं.

टिटवी जायला पाच आठवडे उरले असताना डोळसला त्याचं एक खाजगी पत्र आलं. ते मी दुकानात, भिंगं पुसायच्या खोलीत उभ्याने वाचलं. त्याने लिहिलं होतं: “तुम्हाला एक विचारायचं आहे. माझी मुलगी अठ्ठावीस तारखेला लांब जाते आहे. परवा ती दारात उभी होती आणि तिची उंची माझ्याएवढी झाली आहे हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. बायकोशी यावर बोलता येत नाही, ती आधीच रागावलेली असते आणि तिचं बरोबर असतं. तुम्ही या सगळ्याचा पूर्ण ताबा घ्याल का? किल्ल्या पाठवतो.” आणि खाली खरोखरच किल्ल्या होत्या, म्हणजे ते परवलीचे शब्द, ज्यांनी तीस हजार वेबसाइटींवर हवं ते चढवता येतं, आणि त्यासाठी कुठे काय दाबायचं त्याची यादी. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवायला नऊ वर्षं नकार देणारा हा माणूस! डोळसचं खरं नाव, गाव, काही न विचारता त्याने सगळं सोपवलं होतं. डोळस चोर असता तर? पण डोळसने कधी आवाज चढवला नव्हता ना. कारखान्यात म्हणे हा सगळ्यांना सुरक्षिततेवर व्याख्यान देतो.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं, हे मला कळतं. बाबा रे, ही बघ तुझी खांद्यावरची बाई. पण सांगितलं असतं तर तो शरमला असता, किल्ल्या परत घेतल्या असत्या आणि सव्वासहाला पुन्हा बसला असता. मी होकार कळवला.

पहिले दोन दिवस तो घरात निवृत्त माणसासारखा फिरला. कपाटं उघडून बघत होता, नळ दुरुस्त केला, मला विचारलं की आपल्याकडे हा सोफा कधीपासून आहे. तिसऱ्या दिवशी टिटवीने त्याला शर्टाला बटण लावायला शिकव म्हणून धरलं. त्याला येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. दोघांनी मिळून बटणाऐवजी बाही शिवून टाकली. मग रोजच काहीतरी सुरू झालं. इस्त्री कशी करायची, फ्यूज कसा बदलायचा, भाताला पाणी किती. संध्याकाळी दोघं पोहायला जायची आणि ओल्या केसांनी भांडत परत यायची. नऊ वर्षं साठलेलं बोलणं दोघांच्या तोंडून धबाधबा वाहत होतं. तिकडे स्वयंपाकघरात ती दोघं हसायची आणि इकडे मी आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर लिहीत असायचे, की पाटी हलते आहे का आपण मोबाइल हलवत आहात.

कारण ताबा घेतल्यावर कळलं, की उत्तरं देणं हा त्यातला लहानसा भाग होता. लोक दुरुस्त्या पाठवायचे, त्या तपासायच्या. एक बाई रोज लिहायची, की तिच्या फुलांच्या दुकानाला पाटी शोभत नाही. एकाने सरळ लिहिलं, तीन तास झाले, झोपलात का? मी दुकानात काम करून येत होते, आणि सहानंतर पुन्हा दुकान. घरी मी सांगितलं, की मालकांनी चष्म्यांच्या नव्या मालाची यादी करायला दिली आहे. कुणी जास्त विचारलं नाही. विचारायला मोकळं कुणी नव्हतंच, दोघं मजेत होती.

मला आनंद झाला होता. हे खोटं नाही. जे मागितलं ते मिळालं होतं. पण माझा आनंद भिंतीपलीकडून ऐकायचा होता, आणि मला मत्सर वाटायचा तोही खोटा नव्हता.

“आई, चल ना पोहायला,” टिटवी दारात येऊन म्हणायची.

“हो, दहा मिनिटांत.”

“तुला बाबांचा रोग लागलाय,” ती एकदा म्हणाली आणि गेली. मी हातातलं उत्तर पूर्ण केलं, मग उठले, तेव्हा ती दोघं कोपऱ्यावर वळली होती.

शेवटचा शनिवार-रविवार मी मात्र राखून ठेवला. शनिवार पूर्ण टिटवीचा. तिची बॅग मी भरणार, तिच्या केसांना तेल लावणार, आणि जे काही सांगायचं असतं ते सांगणार. रविवारी दुपारी गाडी. शनिवार मोकळा मिळावा म्हणून शुक्रवारी सगळं हातावेगळं करायला बसले. एका बारवाल्याची जुनी मागणी होती: त्याचा बार पहाटे दोनपर्यंत चालतो आणि पाटी बाराच्या ठोक्याला लाल होते. त्याने दुरुस्ती कुणाकडून तरी करवूनच पाठवली होती. मला फक्त ‘मान्य’ दाबून नवी आवृत्ती सोडायची होती. ती मी शुक्रवारी संध्याकाळी सोडली.

या संगणकवाल्या लोकांचा देवाधर्मावर विश्वास नसेल, पण शुक्रवारी काही नवं सोडायचं नाही हा एक नेम ते पाळतात. सोडलेलं बिघडतं, आणि मग सुट्टी त्यात जाते. माझा नवरा हे झोपेतसुद्धा सांगेल. पण डोळस या धंद्यात दोन महिन्यांची, आणि तिला शुक्रवार हाच तेवढा मोकळा दिसला.

शनिवारी सकाळी मी तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि सहज पान उघडलं. दोनशे चौदा तक्रारी. बारवाल्याची पाटी छान चालत होती. पण जी दुकानं दुपारी जेवायला बंद होतात, त्या सगळ्यांच्या वेळांची यादीच पुसली गेली होती. डॉक्टर बंद, औषधवाले बंद, ग्रंथालयं बंद, सगळीकडे लाल. जुनी आवृत्ती मी दहा मिनिटांत परत चढवली, पण पुसलेल्या वेळा तिने परत येणार नव्हत्या. त्या एकेका दुकानदाराला कुठे जाऊन, काय दाबून काढायच्या, ते सांगावं लागणार होतं. शेकडो लोक, आणि प्रत्येकजण ओरडत असलेला.

बाहेर नवरा बसला होता, पोरीच्या बॅगेचं कुलूप दुरुस्त करत. तो हे काम माझ्या चौपट वेगाने करू शकला असता. एक हाक मारायची, की तो येऊन बसला असता, आणि बसला की संपलंच. टिटवीच्या डोळ्यांसमोर शेवटच्या दिवशी बापाची पाठ. मी तीन वेळा दारापर्यंत गेले. तीनही वेळा बाहेरून टिटवीचं बोलणं ऐकू आलं. ती त्याला सांगत होती, की तिला जायची भीती वाटते, आणि तो म्हणत होता, मलाही वाटते. मी दार लावून परत बसले आणि पहिल्याला लिहिलं: आपल्या संयमाबद्दल आभार.

शनिवार तसाच गेला. टिटवीने तेल स्वतःच लावून घेतलं. बॅग बापाने भरली. वाईट भरली, बूट वर आणि कपडे खाली. रविवारी सकाळीही नव्वद जण उरले होते. स्टेशनवर जाईपर्यंत मी फोनवर उत्तरं देत होते. फलाटावर टिटवीने बापाला मिठी मारली ती सोडेचना, माझा फोन तोवर चार वेळा खणखणला. मग ती माझ्याकडे आली. मिठी मारली, पाठीवर थोपटलं, जशी मी दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना थोपटते, आणि म्हणाली, “काळजी घे हं, आई. जमेल तेव्हा फोन कर. तू कामात असशील ना.” गाडी हलली. ती दारात उभी राहून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती, आणि ती बघत होती बापाकडे.

आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, “राग मानू नकोस. पण शेवटच्या दिवसांत तू तिला जरा वेळ द्यायला हवा होतास.”

मला बोलायला पुष्कळ होतं. रस्त्यावर उभी राहून त्याला सगळं सुनवावं, डोळस कोण ते दाखवावं, फोटो दाखवावा, असं जिभेवर आलं होतं. पण तो रडत होता, उघडपणे, रस्त्यातल्या लोकांसमोर. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं, आणि ते माझ्याच मेहनतीचं फळ होतं.

घरी आल्यावर तो त्याच्या खोलीत गेला. मी माझ्या खोलीत गेले, उरलेल्या तक्रारी बघायला. तेवढ्यात डोळसला पत्र आलं.

“मुलगी आत्ताच गेली. तुमच्यामुळे मला पाच आठवडे मिळाले, नाहीतर ती एका अनोळखी माणसाच्या घरातून निघून गेली असती. तुमचे उपकार फिटणार नाहीत. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मला मिळालेल्या या संध्याकाळी तुमच्या घरातून आल्या असणार. तिथे कुणीतरी तुमची वाट बघितली असेल. त्या व्यक्तीला माझ्यातर्फे माफी सांगा.”

मी पत्र दोनदा वाचलं. मग फोन उचलला आणि टिटवीचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. गाडी गावाबाहेर पडली होती.

शेजारच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. “कुणाला लावतेस? टिटवीला? अगं, तिला जरा झोपू दे. आता आठवण झाली होय तुला?”